कमळांच्या काठाकाठानं

देशमुखांच्या कोठीतल्या गुलाबांना भागिरथानं उभी हयात शेणखत घातलं, पण कोठीची फरशी काही पाहिली नाही. रिसोडच्या अलीकडंपलीकडं त्या फरशीची ख्याती होती. बोटीतून आलेली, रंगीत, वेलबुट्टीची. पण शेणाची टोपली मागच्या फाटकानं यायची आणि तिथूनच परत जायची. टोपलीखालची बाईही.

पंच्याहत्तर साली तिचा देवमन मास्तर झाला, आणि देशमुखांचा नातू नेमका त्याच्याच वर्गात आला. कस्तुराबाई देशमुखांनी निरोप धाडला, "मास्तर, मायले घेऊन चहाले या. पुढच्या दारानं."

त्या 'पुढच्या दारानं'चीच देवमनला धास्ती वाटली. ऐनवेळी मायच कचरली तर? दारातून मागं फिरली, तर पुन्हा कधी यायची नाही.

झालंही तसंच. बागेत शिरताच तिचे पाय मागच्या फाटकाकडं वळले.

"माय, इकडून."

"दिसते मले. गुलाब पाहून राह्यली. पार वाळवून टाकले मेल्यायनं!"

पायरीवर तिनं चपला काढल्या, पदर सावरला आणि उंबरठ्याशी येऊन थांबली ती थांबलीच. देवमन तिच्यामागं पायरीवरच अडकला. कस्तुराबाईंचा चेहरा उतरला.

"काहून थांबल्या, भागिरथाबाई? जुनं धरून नका बसू. लाजू नका."

"मी कायले लाजू?" भागिरथा म्हणाली. "फरशीवर कमळं हायत तुमच्या. आमच्या विहारात कमळ भगवान बुद्धाच्या पायाशी असते. त्याच्यावर पाय कसा देऊ?"

कस्तुराबाईंनी खाली पाहिलं. त्या एका गुलाबी कमळावर दोन्ही पाय रोवून उभ्या होत्या. नवरी होऊन आल्यापासून उभ्याच होत्या म्हणा ना.

"अगं माय!" त्या टुणकन बाजूला झाल्या, त्या नेमक्या दुसऱ्या कमळावर. "मंग यावं तरी कसं?"

"काठानं. काठाले निस्ती वेल हाय."

आणि वरात निघाली. पुढं लुगडं चिमटीत धरलेली भागिरथा, मागं भिंतीला हात लावत देशमुखीण, आणि शेवटी नव्या पँटीतले मास्तर, आपला विद्यार्थी कुठून पाहत तर नाही ना, हे बघत. धास्ती विसरून तो हसत सुटला.

दोघींना चहा एकाच नक्षीच्या कपबश्यांतून आला. भागिरथानं बशीत ओतून मोठा फुरका मारला.

"फरशी ब्येस हाय. पण त्या गुलाबाचं पाहा काहीतरी."

"मंग येऊन सांगत जा न आमच्या माळ्याले."

"येईन. पण याच दारानं."

"काठाकाठानं," कस्तुराबाई म्हणाल्या, आणि त्यांनी खालच्या कमळावरचे पाय हळूच वर घेतले.