त्या गोळीत काय होतं

स्वारगेटहून सकाळची बारामती गाडी पकडली, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "देवदर्शनाला का?" मी हो म्हणून टाकलं. निवृत्त माणूस एकटा प्रवासाला निघाला की लोकांना दुसरं काही सुचत नाही. खरं सांगितलं असतं तर त्यांनी जागा बदलली असती. मी निघालो होतो इंदापूरला, एका माणसाकडच्या गोळ्या पाहायला. त्या गोळ्या दुसऱ्याच्या विष्ठेपासून बनवतात, असं मला सांगण्यात आलं होतं.

लोकांचं रक्त, लघवी आणि शौचाचे नमुने तपासण्यात माझी छत्तीस वर्षं गेली. पुण्यातल्या एका लॅबमध्ये मी तंत्रज्ञ होतो. या कामानं मला एकच सवय लावली: बाटलीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाही, आत काय आहे ते पाहायचं.

माझी थोरली बहीण अक्का लासुर्ण्याला दिलेली. गेल्या पावसाळ्यात तिच्या पायाची जखम चिघळली आणि जोरकस अँटिबायोटिक द्यावं लागलं. पाय वाचला, पण पोट गेलं. दिवसातून दहा-बारा वेळा जुलाब. तपासणीत सी-डिफ नावाचा जंतू निघाला. पोटातले चांगले जंतू औषधानं मरतात आणि हा चिवट तेवढा माजतो. त्याच्यावरचं औषध दिलं की अक्का बरी व्हायची, औषध थांबवलं की पंधरा दिवसांत पुन्हा तेच. असं तीनदा झालं. शेवटी पुण्याच्या पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की निरोगी माणसाची विष्ठा तपासून, गाळून, दुर्बिणीच्या नळीनं आतड्यात सोडायची. त्यातले चांगले जंतू रुजले तर वाईटाला जागा उरत नाही. मात्र असं करणारी रुग्णालयं थोडी आणि दाता घरच्यांनीच आणायचा. खरं सांगायचं तर मी त्या डॉक्टरांकडेही संशयानं पाहिलं होतं.

मग भाच्याचा, संजयचा फोन आला. "मामा, पुण्याची भानगडच नको. इंदापुरात एक जण त्याच इलाजाच्या गोळ्या देतोय. दाता नको, नळी नको. तुमी फक्त एकदा बघून घ्या."

बारामतीच्या स्टँडवर संजय मोटरसायकल घेऊन उभा होता. चाळिशीचा, अंगानं धिप्पाड, आईवर जीव असलेला. काटेवाडी मागे पडली तशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाची भिंत सुरू झाली. मे महिना असूनही कालव्याकाठची हवा ओली होती. वाटेत आम्ही रसवंतीवर थांबलो. आलं-लिंबू घातलेला रस पुढे आला, पण मी आधी बर्फाचं विचारलं.

"मामा, तुमी पाण्यालासुदिक इचारता, कुठून आलं म्हणून," संजय हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "एक सांगायचं व्हतं. आईला त्या गोळीतलं काय सांगू नका. ती माळकरी बाई. कळलं तर तोंडाला लावायची न्हाय."

"मग तिला काय सांगितलंयस?"

"जंतूंची पावडर म्हणून सांगितलंय. खोटं हाय का त्ये?"

मी बिनबर्फाचा रस मागून घेतला.

अक्काला पाहून मी दचकलो. तिच्या हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत सरकत होत्या. लुगड्याचा पदर सारखा करत ती म्हणाली, "दत्तू, तू उगाच आलेला न्हाईस. काय शिजतंय तुमचं मामाभाच्याचं?" अक्का माझ्याहून जास्त संशयी. हा गुण आमच्यात आईकडून आला असावा.

घर एक, पण चुली दोन. सून वैशाली आणि अक्का यांचं तीन वर्षांपासून जेवणाखाण्यावरून बिनसलेलं. दुपारी वैशालीनं मला शेवग्याच्या शेंगांचं कालवण (पातळसर रस्सा) आणि बाजरीची भाकरी वाढली. अक्का तिच्या बाजूला भाताची पेज घेऊन बसली. दोन घास खाल्ले आणि उठून घाईनं मागच्या दारी गेली. परत आली तेव्हा घामानं निथळत होती. ज्या बाईनं पंचवीस वर्षं बाजाराला एकटीनं जाऊन भाजी विकली, ती आता संडासापासून हाकेच्या अंतराबाहेर जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि संजय इंदापूरला निघालो. निमगावचे पानमळे आणि त्यांची गार सावली ओलांडून तासाभरात गावात पोचलो. ते केंद्र एका खताच्या दुकानाच्या वर होतं. जिन्यात युरियाचा वास. वर पांढऱ्या कोटातला, गोड बोलणारा एक माणूस. भिंतीवर पाचपंचवीस हसऱ्या रुग्णांचे फोटो होते, पण पदवीचा एकही कागद नव्हता.

"दाता कोण असतो?" मी विचारलं.

"एकदम निरोगी माणूस, काका."

"कुठला?"

"ते गोपनीय असतं."

"त्याच्या तपासण्या होतात?"

"सगळ्या! हे बघा ना." त्यानं प्लॅस्टिकच्या फायलीतून एक रिपोर्ट काढून दिला. नावावर काळी शाई फिरवलेली. मी चष्मा बदलून वाचू लागलो. रंग फिकट पिवळा. साखर नाही. पू-पेशी दोन ते तीन. मग मी सगळ्यात वरची ओळ वाचली.

"हा लघवीचा रिपोर्ट आहे," मी म्हणालो.

त्याचं हसू हललं नाही. "बाकीचे मेन ऑफिसला असतात."

"ते कुठं आहे?"

"ते... शिफ्ट होतंय सध्या."

गोळ्या दाखवायला त्यानं फ्रिज उघडला. आतला दिवा लागला नाही. दुधाच्या पिशवीशेजारी दोन डब्या होत्या आणि खालच्या ट्रेमध्ये पाणी साचलं होतं. संजयनं विचारलं, "लाईट कवापासनं न्हाय?"

"येती-जाती," तो म्हणाला आणि फ्रिज लावून टाकला. "काका, तुमाला शंका फार. पळसदेवच्या आमच्या तात्यांनाच इचारा. बरे झालेत ते. घ्या पत्ता."

मी पत्ता घेतला. साक्षीदार त्यानंच दिलेला, म्हणून माझा त्याच्यावरही भरवसा नव्हता.

पळसदेवला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. उजनीचं पाणी उतरल्यामुळे एरवी बुडालेलं जुनं देऊळ वर आलं होतं. दगडांवर वाळलेल्या चिखलाचा पांढुरका थर. तात्या काठावरच्या छपरात जाळं सांधत बसले होते. सत्तरीचे, काटक. आम्ही पाहुणे म्हणून त्यांच्या सुनेनं चिलापी (उजनीत मुबलक मिळणारा मासा) तळायला घेतला. संजयनं ताव मारला. मी माळकरी नाही, पण तात्यांकडे बघायचं सोडून माशात लक्ष घालायला मन होईना.

"बरं वाटलं का तुम्हाला, तात्या?"

"वाटलं की. धा-पंधरा दिस लई ब्येस व्हतं. मग पुन्ना सुरू झालं."

"पुन्हा सुरू झालं? त्यांना सांगितलं नाही?"

"सांगितलं. म्हनला, आनखी एक डबी घ्या."

"तुमची तपासणी काय निघाली होती?"

"कसली तपासनी?" तात्यांनी जाळ्यावरची नजर काढली. "त्यानं पोट दाबून बघितलं, झालं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुमी जानकार दिसताय. त्या गोळीत काय असतंय हो?"

संजयनं माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. मी सांगितलं. जसं आहे तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं, की खरोखर तेच होतं की पिठाची चिमूट होती, ते मला ठाऊक नाही.

मला वाटलं, म्हातारा ओकेल. तो ओकला नाही. त्यानं हातातली सुई जाळ्यात खोचली.

"मानसाचं खायला घातलं ह्याचा राग न्हाय मला," तात्या म्हणाले. "जीव वाचत असला तर मानूस काय बी खाईल. पन मला इचारायला नको? मी काय जनावर हाय व्हय, पेंडीतनं औशीद चारायला?"

सून तव्यापाशी तशीच उभी राहिली. तात्यांना मी चिठ्ठीवर शौचाच्या तपासणीचं नाव लिहून दिलं आणि सरकारी दवाखान्यात जाऊन आधी ती करा म्हणून विनवलं. त्यांनी चिठ्ठी घेतली, पण उलटसुलट करून पाहिली. त्यांनीही आता संशय घ्यायला सुरुवात केली होती आणि पहिला संशय माझ्यावर होता. ते बरोबरच होतं.

परतताना लासुर्णं जवळ आलं तेव्हा संजयनं गाडीचा वेग कमी केला. "मामा, आईला तुमीच सांगा. मला जमायचं न्हाय."

संध्याकाळी ओट्यावर अक्का आणि मी बसलो. वैशाली उंबऱ्यात गहू निवडत होती. मी सगळं सांगितलं: पुण्याचा इलाज, इंदापूरची गोळी, तो रिपोर्ट, तो फ्रिज. अक्का तोंडाला पदर लावून ऐकत राहिली. मी थांबल्यावर तिनं संजयला हाक मारली.

"ह्ये मला न सांगता खायला घालनार व्हतास?"

"तू घेतली नसतीस, आई."

"नसती घेतली. मग? पोट कुनाचं हाय?"

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज बदलला नाही. "म्हैन्यामागनं म्हैनं मागच्या दारी फेऱ्या मारतीया मी. लाज सोडली. आता तुमी माझ्यापास्नं लपवायला लागलासा, म्हंजी मी मेल्यातच जमा."

मग अक्का माझ्याकडे वळली. "आनि पुन्याला केलं तर कुनाचं घालत्यात?"

"घरातलं कुणी असेल तर त्याचं. सगळ्या तपासण्या करून. दाता कोण ते तुला माहीत असणार."

"माझं चालत असलं तर घ्या, आत्या." उंबऱ्यातून वैशाली म्हणाली. सुपातले गहू ती तशीच निवडत होती, वर न बघता.

अक्कानं तिच्याकडे किती तरी वेळ पाहिलं. मला वाटलं, आता तीन वर्षांचं सगळं निघणार. अक्का म्हणाली, "हिचं पोट चांगलं हाय. दगड पचीवती."

पुण्यात संजयची आणि वैशालीची दोघांचीही चौकशी झाली. संजयनं महिन्याभरापूर्वी दातदुखीसाठी अँटिबायोटिक घेतलं होतं, म्हणून तो सुरुवातीलाच बाद. वैशालीच्या रक्ताच्या आणि शौचाच्या एकेक तपासण्या येत गेल्या. मी लॅबच्या खिडकीशी उभा राहून प्रत्येक कागद दोनदा वाचत होतो. नाव, वय, नमुना कशाचा. खिडकीतली मुलगी वैतागली. "काका, आम्ही रोज हेच करतो."

"मीही रोज हेच करायचो, म्हणूनच बघतोय," मी म्हणालो.

वैशाली दाता म्हणून पास झाल्यावर डॉक्टरांनी अक्काला समोर बसवून तिच्याशीच बोलणं केलं. फायदा किती, धोका काय, गुण आला नाही तर पुढं काय. सही करण्याआधी तिनं विचारलं, "ह्ये माज्या अंगात ऱ्हाईल का कायमचं?" ते म्हणाले, राहावं अशीच इच्छा आहे. अक्का दाराशी उभ्या वैशालीकडे बघून म्हणाली, "बघ बाई, आता आतनंबी तुझंच राज्य." वैशालीला हसू आवरेना.

इलाज पार पडला आणि त्यानंतर अक्का माझ्याकडेच राहिली. पहिले पंधरा दिवस मी रोज सकाळी तिला नको ते प्रश्न विचारत होतो आणि ती मला शिव्या देत होती. पंधरवडा गेला, तिसरा आठवडा गेला. जुलाब परतले नाहीत. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती, आजही देत नाहीत. पण पाचव्या आठवड्यात तिनं माझ्या बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि स्वतः पिठलं-भाकरी केली. झणझणीत. अक्का आणि मी, दोघं डोळ्यांतलं पाणी पुसत जेवलो.

जूनच्या शेवटी मी तिला लासुर्ण्याला पोचवलं. चुली अजून दोनच आहेत, पण वैशालीच्या कालवणाची वाटी आता अक्काच्या ताटात दिसते. पळसदेवच्या तात्यांना साधाच अमीबा निघाला आणि साध्याच औषधानं ते बरे झाले. इंदापूरच्या केंद्राबद्दल मी आरोग्य खात्यात लेखी तक्रार दिली, पोच घेतली. पाटी उतरल्याचं संजय सांगतो. मला वाटतं, ती दुसऱ्या कुठल्या तरी गावात लागली असेल.

बारामतीहून परतीच्या गाडीत खिडकीशी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर औषधांची पिशवी. "कुनी आजारी व्हतं का?" त्यांनी सहज विचारलं. या वेळी मी देवदर्शनाचं सांगितलं नाही. बहिणीचं सगळं सांगितलं, शब्द न चोरता. त्यांनी नाकाला पदर लावला आणि बाहेर बघत बसल्या. माझं बोलणं त्यांना आवडलं नाही, हे उघड होतं.

मोरगाव मागे पडल्यावर त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला पाच म्हैनं झालं. पुन्ना पुन्ना येतंय. कुनाला सांगायची चोरी." मग पिशवीच्या बंदाला पीळ देत, "पुन्यात कुठं करत्यात म्हनला?"

मी खिशातून पेन काढलं. रुग्णालयाचं नाव लिहिण्याआधी विचारलं, "त्यांची तपासणी झालीय का? कागद आहे?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुमी कोन? तुमाला कागद कशाला पायजे?"

"बरोबर विचारलंत," मी म्हणालो, आणि मी कोण ते पहिल्यापासून सांगायला लागलो.