कृतीतून गाळलेली ओळ

अमेरिकेतल्या आयोवाच्या त्या कोपऱ्यातल्या गावात माणूस गेला, की चर्चच्या तळघरात जेवण घालायचे आणि त्यात बनमध्ये भरलेला रसदार खिमा वाढायचा, ही रीत कोणी घातली हे कोणालाच सांगता आले नसते. मोडण्याची हिंमत मात्र कोणाची नव्हती.

अर्डिथ हार्म्सने एकतीस वर्षे त्या गावाच्या पोरांना व्याकरण शिकवले. गावाने त्याची कदर केली नाही, याची तिला खंत होती. पण खरे शल्य घरातले होते. वडिलांनी शेत धाकट्या भावाला, वेन्डेलला दिले, आईने घरही त्यालाच दिले. मुलगी शिकलेली, तिला काय कमी, असे दोघांचे मत. तिच्या वाट्याला आली ती आईच्या खिम्याची कृती, तीही तोंडी.

वेन्डेलच्या लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात त्याच्या बायकोने, ग्लेनिसने, ती कृती मागितली. अर्डिथने कार्डावर वळणदार अक्षरात लिहून दिली: गोमांसाचा खिमा, कांदा, केचप, मोहरीची चटणी, चमचाभर तपकिरी साखर. एकच ओळ तिने लिहिली नाही. खिम्यात ओतायचा कोंबडी-भेंडीच्या तयार सूपचा डबा. ती विसरली नव्हती. विसरणे तिच्या स्वभावातच नव्हते.

पुढची सव्वीस वर्षे ग्लेनिस दर आठवड्याला खिमा करी, आणि वेन्डेल पहिल्या घासालाच म्हणे, "छान झालंय गं, पण आईची सर नाही." नाताळात तो बहिणीच्या हातचे चार-चार बन चापायचा. अर्डिथ समाधानाने हसायची आणि ग्लेनिस टेबल पुसत राहायची.

मंगळवारी मका काढता काढता वेन्डेलचे हृदय थांबले. गुरुवारी दुपारी ग्लेनिस वीस पौंड खिमा घेऊन अर्डिथच्या दारात उभी राहिली.

"माझ्याकडे त्याचे चुलतभाऊ भरलेत, शेगडीपर्यंत पोचता येत नाही. तुझं स्वयंपाकघर वापरते."

"चर्चच्या बायका करतील की. तू कशाला?"

"बर्निताच्या हातचं खाल्लंयस ना? ओला पुठ्ठा परवडला."

"मग मी करते."

"नको, अर्डिथ. शेवटचं माझ्याच हातचं. एकदा तरी त्याच्या आईसारखं जमवायचंय. दोनशे माणसं यायचीत. तू नुसती उभी राहा आणि कुठं चुकते ते सांग."

तिने पर्समधून ते कार्ड काढले. डागाळलेले, कोपरे झिजलेले. अक्षर मात्र अजून स्वच्छ. मोठ्या पातेल्यात खिमा परतत, त्यातल्या गाठी बटाटे कुस्करायच्या दांड्याने फोडत ती एकेक ओळ मोठ्याने वाचू लागली. अर्डिथ कांदा चिरत होती आणि डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त मिळाले म्हणून त्या कांद्याचे मनोमन आभार मानत होती.

"ओळ न् ओळ हेच करते मी. तो म्हणायचा, हाताला गुण असावा लागतो. म्हणजे माझा हातच वाईट!"

तेवढ्यात ग्लेनिसचा फोन वाजला आणि ती बाहेर गेली. अर्डिथने कपाटातले सूपचे डबे काढले, एक उघडला. नुसता पातेल्यात उपडा केला असता तरी भागले असते. कोणाला कळले नसते, उद्या ग्लेनिसची वाहवा झाली असती. आणि आपला हात इतकी वर्षे वाईटच होता, आजच कसा कोण जाणे सुधारला, असेच ती जन्मभर समजून चालली असती. अर्डिथचा हात पातेल्यावर थबकला. ग्लेनिस परत आली तेव्हा उघडा डबा टेबलावर होता.

"हेही पडतं त्यात. मी लिहिलं नव्हतं."

"विसरलीस?"

"नाही."

पातेले खालून लागू लागले. ग्लेनिसने आच कमी केली.

"सव्वीस वर्षं तो मला चिडवत होता आणि तू समोर बसून हसत होतीस."

"शेत त्याला मिळालं, घर त्याला मिळालं. माझं म्हणून एवढंच होतं."

"मग सरळ म्हणायचं होतंस, देत नाही म्हणून. मी काय हिसकावून घेणार होते?"

साऱ्या गावाच्या चुका लाल शाईने सुधारणाऱ्या त्या बाईने उघडा डबा तिच्याकडे सरकवला.

ग्लेनिसने डबा बाजूला सारला. "तुझं तो वर्षातून एकदा खायचा, माझं दर आठवड्याला. उद्या माझंच जाईल, आहे तस्सं. आणि वाढायला तू उभी राहशील."

दुसऱ्या दिवशी अर्डिथ तळघरात डाव घेऊन उभी राहिली. रांगेत बर्निता सर्वांत पुढे होती. वाढलेला बन तिने तिथेच चाखला.

"ग्लेनिसचं ना? तरीच! भावाचं शेवटचं जेवण, तूच का नाही गं केलंस? तिच्या हाताला चव नाही, हे काय आम्हाला ठाऊक नाही?"

"तिचा हात चांगला आहे," अर्डिथ म्हणाली. आवाज वर्गातल्यासारखा, मागच्या बाकापर्यंत पोचणारा निघाला. "कृती मी चुकीची दिली होती. जाणूनबुजून."

रांग थांबली. "अस्सं," एवढेच बर्निता म्हणाली आणि बटाट्याच्या सॅलडकडे सरकली. कॉफी येईपर्यंत तळघरातल्या प्रत्येक टेबलाला ते ठाऊक झाले होते, आणि नंतर आलेल्यांनी बन पुढे केले ते अर्डिथच्या तोंडाकडे न बघता.

सर्वांत शेवटी ग्लेनिस ताट घेऊन आली. अर्डिथने बन भरून दिला.

"थँक्यू," ग्लेनिस म्हणाली. वाढणाऱ्या कोणालाही म्हणाली असती तसे. मग ती जाऊन आपल्या माणसांत बसली.