चेकचा कोपरा

पूल टेबलावर काठीने चेंडू खिशात घालायच्या त्या खेळाच्या स्पर्धेत बक्षिसाचा चेक दाराएवढा असतो. पुठ्ठ्याचा असल्यामुळे तो बँकेत चालत नाही, फक्त फोटोत चालतो.

मागच्या महिन्यात मी माझ्या नणंदेच्या, विद्याच्या सोबतीला अशा एका स्पर्धेला गेले होते. ती पहिल्याच फेरीत हरली, पण बक्षीस समारंभापर्यंत जागची हलली नाही. विजेत्याने चेक उचलला तेव्हा ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, जरा बाजूला होता का?" फोटोग्राफर म्हणाला. "फक्त विनर हवेत."

"नाही होणार," विद्या शांतपणे म्हणाली. "या पैशांत माझी एन्ट्री फी आहे."

खरंच होती. भिंतीवर एका फरसाणवाल्याची जाहिरात होती, पण बक्षीस जमलं होतं ते खेळाडूंच्या फीमधून, जेवणाच्या सुट्टीआधीच हरून एसटी स्टँडकडे निघालेल्यांच्या फीमधून. घरी त्यांना सगळे विचारणार, काय मिळालं? काय दिलं, हे कुणी विचारत नाही. मीही विद्याला कधी विचारलं नव्हतं. पैसे हरणाऱ्यांनी भरायचे, टाळ्याही त्यांनीच वाजवायच्या, आणि फोटोच्या वेळी बाजूला व्हायचं. का म्हणून?

विजेता हसून थोडा सरकला. काठीच्या टोकाला घासायच्या खडूने निळ्या झालेल्या बोटांनी विद्याने चेकचा कोपरा धरला. तो फोटो आता तिच्या हॉलमध्ये आहे.

"जिंकलात वाटतं?" येणारे विचारतात.

"हरले," ती सांगते. "म्हणून तर धरलाय."