पुसलेला पत्ता

काल दुपारी शेजारच्या टेबलावरच्या मेधाने मीच बनवलेल्या एका वेबसाइटच्या नावापुढे एका फोल्डरचं नाव टाइप केलं आणि म्हणाली, "हे बघ." पांढऱ्या पानावर फायलींची यादी उघडली होती. कोडमधला जुना-नवा प्रत्येक बदल जपून ठेवणारं ते फोल्डर आमच्याच कॉम्प्युटरवर राहायला हवं. मी वेबसाइटबरोबर तेही अपलोड केलं होतं, म्हणजे ते कुणालाही उघडता येत होतं.

मारहाणीमुळे घर सोडलेल्या बायका जिथे राहतात, त्या संस्थेची ही वेबसाइट. मी एकदा चुकून तिथला गुप्त ठेवायचा पत्ता पानावर टाकला होता आणि तासाभरात काढलाही होता. ओल्या फडक्याने पुसलेली पाटी वाळली की अक्षरं पुन्हा दिसू लागतात, तसा तो पत्ता त्या फोल्डरमध्ये अजून होता. मग आपण पुसतो म्हणजे नेमकं काय करतो? फक्त स्वतःपुरतं विसरतो?

फोल्डर लगेच काढलं आणि संस्थेच्या ताईंना फोन करून सगळं सांगितलं.

"कुणी पाहिलं असेल का हो?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, ताई."

भर दुपारी, फोनवर पलीकडून दाराची कडी लावल्याचा आवाज आला.