खाण्याचं नाव काढायचं नाही

मुलांना समुद्र दाखवायचा तर ओहोटीच्या तालावर नाचावं लागतं. वरळीच्या खडकांवरचं पाणी नऊला उतरणार होतं आणि मी सातपासून टोपी घालून हजर. आमच्या निसर्ग-शिबिराचा तो शेवटचा दिवस. लालबाग-डिलाईल रोडकडची दुसरीतली वीस-बावीस पोरं, मला ताई म्हणणारी, आणि सोबत त्यांच्या शाळेच्या मोठ्या बाई. त्या काही हवा खायला आल्या नव्हत्या. "मुलं काही शिकतात की नुसतीच सहल होते ते मला बघायचंय," त्यांनी आदल्या दिवशी बजावलं होतं, "सहलच असेल तर पुढच्या वर्षीपासून बंद." चार वर्षं जिवापाड जपलेलं शिबिर. रात्री दोनदा उठून ओहोटीची वेळ तपासली, खोटं कशाला बोलू?

पहिल्याच खडकावर कालवं दिसली.

"हे काय आहे, सांगा बघू?"

"कालवं! माझी मम्मी सुकी करते!"

पुढे वाळूत शिंपले. "तिसऱ्या! भरपूर खोबरं घालायचं!" डबक्यात नखाएवढी कोलंबी. एक पोरगा हळहळला, "अरेरे, एवढुशी! दाताखालीपण यायची नाही." कोकणातल्या घरांतली पोरं ही. मी भरती-ओहोटी सांगतेय आणि यांचं आपलं तिरफळ घालायचं की नाही यावर भांडण चाललंय.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "शिबिर आहे की खाणावळ?"

माझं डोकंच फिरलं. तसं ते फिरायला फार वेळ लागत नाही. "बास! आता जो कोणी खाण्याचं नाव काढेल, तो वर कठड्यावर जाऊन बसेल. कळलं?"

कळलं, आणि जास्तच कळलं. सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. समुद्री गोगलगाय दाखवली, गप्प. समुद्रफूल दाखवलं, गप्प. मी एकटीच बडबडतेय आणि पोरं चपलांकडे बघतायत. झालं कल्याण, म्हटलं. अगं बये, स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतलास!

तेवढ्यात एका कपारीत खेकडा सापडला. तळहाताएवढा. मी तो पाणी भरलेल्या पारदर्शक डब्यात घेतला आणि उसन्या उत्साहानं म्हटलं, "हे बघा खेकडेबाबा! केवढे मोठे आहेत ना?"

मागून एक हात वर आला. दोन वेण्यांची मुलगी, तीन दिवसांत तोंड न उघडलेली.

"ताई, खाण्याचं नाव न काढता कसं सांगू?"

मोठ्या बाई पुढे झाल्या. "सांग तू. नाव काढलंस तरी चालेल."

"हा बाबा नाहीये. ही आई आहे." तिनं डबा उंच धरायला लावला आणि खालून बोट दाखवलं. "पोटाची झडप रुंद आहे ना, म्हणजे बाई. पुरुषाची निमुळती असते. आजी बाजारात प्रत्येक कुर्ली उलटी करून बघते."

माझं माहेर दादरचं, घरी कांदासुद्धा वार बघून शिजायचा. खेकड्याचं शास्त्रीय नाव मला पाठ होतं, पण आयुष्यात कधी एक खेकडा उलटा करून बघितला नव्हता. मी खाली वाकले. रुंद झडप, आणि तिच्याआड नारिंगी दाण्यांचा झुबका.

"ही अंडी," ती म्हणाली. "अशी कुर्ली आजी घेतच नाही. कोळणीशी भांडते. म्हणते, हिला पाण्यात सोडायची. हिला खाल्ली तर पुढच्या वर्षी काय खाणार?"

तीन दिवस मी तक्ते लावून हेच शिकवायला धडपडत होते. आणि जिला ते येत होतं तिचं तोंड मीच बंद केलं होतं. लाज वाटली, अगदी मनापासून.

"सोड बाळा, तूच सोड," मी म्हटलं. तिनं डबा हळूच कलता केला. खेकडीण तिरकी तिरकी कपारीत गेली आणि पोरांनी टाळ्या पिटल्या.

मोठ्या बाई ओल्या खडकावर साडी सावरत उभ्या होत्या. मी निकालाची वाट बघत राहिले. दोन वेण्यांच्या मुलीकडे वळून त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी येताना आजीला घेऊन ये."