राणीची आधीची मुलं

राणीचं लग्न लागण्याआधीच मी तिचा नवरा मारून टाकला. चूक तशी बारीक, पण आमच्या घराण्यात गोष्टी सांगणारा म्हणून माझं नाव आहे, त्यामुळे भर पंगतीत आत्या ओरडली, "अरे मेल्या, आधी लग्न तरी लाव तिचं!" सगळे हसले. मीही हसलो. पोट सुटल्यापासून स्वतःवर हसायची मला सवय झाली आहे.

खरं तर दिवस हसण्याचा नव्हता. सकाळीच चर्चमध्ये धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची वर्षाची मिस्सा, म्हणजे पुण्यतिथीची प्रार्थना, झाली होती. वर्षभराचं काळं सोडून ती पहिल्यांदाच आकाशी साडी नेसली होती. आमच्या लोकांनी विचार केला, दोन्हीकडची माणसं जमलीच आहेत, जेवणही शिजलंय, तर तिच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणंही आजच उरकून घेऊ. गेलेल्याच्या आत्म्याला शांती आणि त्याच्या बायकोला नवरा, दोन्ही एकाच मटणात.

नवरा म्हणजे तिचा दीर. विधुर, दोन मुलग्यांचा बाप. सासरे म्हणाले, "सून घरात राहील, वाडीही घरात राहील." केळीच्या त्या वाडीत गेलेल्या भावाचा निम्मा वाटा होता, म्हणजे आता त्याच्या चौथीतल्या मुलीचा. हे कुणी बोललं नाही. आमचा थोरला भाऊ एवढंच म्हणाला, "पोर मामाकडे राहील. एव्हरशाईनला त्याच्या बिल्डिंगखालीच शाळा आहे." मामा म्हणजे मी. मी मान डोलावली. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे.

मग थोरला मला म्हणाला, "होऊन जाऊ दे एखादी गोष्ट." मी शहाणा. प्रसंगाला शोभेल म्हणून मध्ययुगातल्या, कुठल्याशा दूरदेशच्या राणीची काढली, आणि पहिल्याच वाक्यात लग्नाआधी तिचा नवरा मारला. आत्यानं सावरल्यावर नीट सांगू लागलो. पोरवयात तिला समुद्र ओलांडून एका थोराड राजाला दिली. तो मेला. मग जहाजं घेऊन त्याचा शत्रू आला, त्यानं गादी घेतली आणि गादीबरोबर तिलाही घेतलं. लोकांना राजा परका, पण राणी ओळखीची, म्हणून राज्य शांत राहिलं. "दोन दोन राजांची राणी!" मी हात पसरून म्हणालो. "असं भाग्य कुणाचं असतं?"

"वा!" सासरे म्हणाले.

"दादा," बहिणीनं विचारलं, "तिला पहिल्या राजापासून मुलं नव्हती?"

"होती की."

"मग ती कुठं गेली?"

तेवढंच मी गाळलं होतं. "समुद्रापलीकडे. आजोळी."

"म्हणजे मामाकडे?"

"मामाकडे."

"परत भेटली तिला?"

"मोठी झाल्यावर. एक तर राजाच झाला. त्यानं आईकडचं होतं नव्हतं ते काढून घेतलं. आईनं आपल्यासाठी काहीच केलं नाही, असं त्याचं म्हणणं."

पंगतीत कुणीतरी उगाच पाणी मागितलं. बहीण दिराकडे वळली. "पोर माझ्याजवळ राहणार असेल तर लग्न. नाहीतर नको."

दिरानं वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी थोरल्याकडे, आणि थोरल्यानं माझ्याकडे, जणू त्या राणीची मुलं मीच जन्माला घातली होती.

लग्न मोडलं. मग सासरी तिला राहणंही अवघड करून टाकलं. आता मायलेकी मनवेलपाड्याला भाड्याच्या खोलीत राहतात. वाडीतला वाटा कागदावर आहे, पण एक केळं कधी खोलीपर्यंत आलं नाही. थोरला माझ्याशी बोलत नाही. लग्नकार्यात मला हल्ली वाढायला लावतात, गोष्ट सांग कुणी म्हणत नाही.

परवा बायको बोंबील साफ करत होती. मी जरा ऐटीतच म्हणालो, "काही म्हण, माझ्या गोष्टीमुळे भाची आईजवळ राहिली."

"तुम्ही तर राणीची मुलं गाळली होतीत. विचारलं तिनं," ती म्हणाली. मग हात थांबवून म्हणाली, "आणि पोर आपल्या घरी राहणार म्हणून तुम्ही तिथं मान डोलावलीत, तेव्हा मी आत भात काढत होते. ठेवलं असतं मी तिला, पोटच्या पोरीसारखं ठेवलं असतं. पण मला विचारलं होतं कुणी?"