दहावा पुंकेसर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही धड ठाऊक नाही. मी चटकन विश्वास टाकणारा माणूस नव्हे, आणि सगळं तिथूनच बिघडलं.

मी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. वाटाण्याच्या कुळातल्या वेली ओळखणं हा माझा प्रांत — निदान मी तसं मानायचो. माझ्याकडे संशोधन करायची महादेवी, गडहिंग्लजची, हुशार. पावसाळा सरताना ती काहीतरी लपवतेय असं मला वाटू लागलं. रविवारी कुठे जायची? मी आलो की डबा का झाकायची? नवं काही सापडलंय आणि मला वगळून ही परस्पर नाव कमावणार, असं मी धरूनच चाललो.

मग एक दिवस तोच डबा तिने माझ्यापुढे उघडला. ओल्या फडक्यात एकच जांभळं फूल, हंगामातलं शेवटचं. आधी कुणाला दाखवून आली असेल? — माझ्या डोक्यात हेच.

वाटाण्याच्या फुलात दहा पुंकेसर असतात. नऊ खाली जुळलेले, दहावा सुटा.

"सर, ह्यात दहाच्या दहा चिकटल्यात की ओ! ही वेल येगळीच हाय."

मी भिंगातून पाहिलं. खरंच चिकटलेले होते. ती हात धुवायला वळली आणि तेवढ्यात मी — कसं लिहू? — सुईच्या टोकाने एक पुंकेसर खालपर्यंत सोलून सुटा केला. म्हटलं, बघ, नेहमीचीच वेल.

तिने बराच वेळ पाहिलं. मग ओशाळून हसली. वेल कुठली तेही सांगून टाकलं — राधानगरीच्या वर, अवघड चढावर. "पक्कं झाल्याबिगर कशाला सांगायचं म्हटलं. तुमचा गुडघा दुखतोय न्हवं."

एवढंच होतं ते गुपित. तेव्हाही बोलता आलं असतं. मी भिंग पुसत बसलो.

महादेवीने संशोधन सोडलं. आता ती राजारामपुरीत एका क्लासमध्ये शिकवते. परवा नातीला सोडायला गेलो, तर ती मुलांना वाटाण्याची फुलं उघडून दाखवत होती.

"मला एकदा दहाही चिकटलेले दिसलेले," ती सांगत होती. "मनात असतंय तेच दिसतंय, पोरांनो. आपल्या डोळ्यांवर लई भरवसा ठिवायचा न्हाय."

तिची नजर माझ्यावर आली. तिला कळलंय का? की हाही माझा संशयच? "या की सर," ती म्हणाली, आणि मुलांना सांगितलं, मला फुलं बघायला ह्यांनी शिकवलं.

तिने तेव्हा बरोबरच पाहिलं होतं. मी दारात उभा राहून मान डोलावली.